बोर्डवाल्याचा बोर्ड

पेंटरच्या बायकोची सही कुठे कुठे होती, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. अक्षरं कापायच्या मशीनच्या हप्त्यावर तिची सही. पत्र्याच्या उधारीवर तिची सही. गाळ्याच्या भाडेकरारावर जामीन म्हणून पुन्हा तीच. धंदा नवऱ्याचा, पण जो तो पगाराची चिठ्ठी मागायचा, आणि या घरात पगार म्हणून जे काही होतं ते तिलाच होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. नवरा जगाची नावं हातभर उंच अक्षरांत रंगवायचा आणि बायकोचं नाव मात्र कागदांच्या तळाशी, बारीक अक्षरांत, सगळीकडे सांडलेलं असायचं.

गेल्या वर्षापासून तिचं उजवं मनगट धरत होतं. आधी नुसतं दुखायचं, मग सुजायला लागलं, आणि आता तर सकाळी वेणी घालतानाही हात मध्येच थांबायचा. डॉक्टर म्हणाले, इस्त्रीचं काम सोडा. सांगायला काय जातंय! काम सोडलं की पगार बंद, पगार बंद झाला की मशीनवाले दारात हजर. ती मान डोलवायची, मलम घ्यायची आणि परत चादरींपुढे जाऊन उभी राहायची.

वाट दाखवली ती पत्र्याच्या आणि रंगाच्या घाऊक दुकानातल्या मॅनेजरनी. नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून बोलणारे, माणूस तसे बरे. एकदा तिची सही घेता घेता त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "ताई, तुम्ही धंद्याचा नंबर का काढत नाही?"

"कसला नंबर?"

"धंद्याचा ओळख क्रमांक. सरकारी नोंदणी असते. माणसाला ओळखपत्र असतं ना, तसं धंद्याला. नंबर असला की माल धंद्याच्या नावावर देता येतो. वेळेवर फेडत गेलात की धंद्याची स्वतःची पत तयार होते. मग तुमच्या पगाराची चिठ्ठी कुणी मागणार नाही."

"कुणीच?"

"कशाला मागतील? धंदा आपल्या पायावर उभा राहिल्यावर?"

त्या दिवशी घरी येताना तिला मनगटाची आठवणही झाली नाही. नंबर आला की दुसऱ्या दिवशी धुलाईखान्याच्या सुपरवायझर बाईंना काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा तिनं मनात जुळवली. बाईंचं तोंड कसं होईल तेही पाहून घेतलं. नंबर म्हणजे सुटका, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं ते तिथपासून.

पेंटरला सांगितलं तर तो म्हणाला, "काढ की." या माणसाचं 'काढ की' म्हणजे 'तूच काढ', हे एवढ्या वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली तीच. रांग जिन्यावरून खाली आलेली. पंखा फक्त खिडकीच्या आतल्या माणसांसाठी. तिचा नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "धंद्याचं नाव?"

धंद्याला नाव कुठे होतं? लोक 'पेंटरकडे जा' म्हणायचे, झालं. तिनं नवऱ्याला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "अगं, माझा हात ओळीत आहे. लिही काहीतरी." मागची रांग चुळबुळ करायला लागली. नवरा गिऱ्हाइकाला नेहमी काय सांगतो ते तिला आठवलं: अक्षर ठळक पाहिजे, बाकी सगळं नंतर. तिनं सांगितलं, "ठळक अक्षर. लिहा तेच."

"बघा हं," बाई म्हणाल्या, "हेच नाव दारावरच्या बोर्डावर पाहिजे. पडताळणीला माणूस येतो, फोटो काढतो. बोर्ड जुळला नाही तर अर्ज बाद."

"बोर्डाची काळजी नको हो," ती हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती परक्या माणसापुढे हसली होती. "आमचं तेच तर काम आहे."

आता पेंटरच्या गाळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाळा अरुंद, आत ऊन नाही. रंगवलेला बोर्ड वाळायला जागा एकच, दारावरचे दोन लोखंडी आकडे. तिथे ऊनही येतं आणि वाराही. शिवाय पेंटरची एक खोड होती, वडिलांपासून आलेली. बोर्ड कितीही घाईचा असो, तो आधी दारावर टांगायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि मान वर करून वाचायचा. "टेबलावर सगळेच बोर्ड छान दिसतात," तो म्हणायचा. "लोक वाचणार खालून, चालता चालता. तिथून वाचता आला तर तो बोर्ड." म्हणून त्याच्या दारावर कायम कुणाचा ना कुणाचा बोर्ड असायचा. स्वतःचा तेवढा नव्हता. आकडे रिकामे कधी व्हायचे, की तिथे तो लावायचा!

तिनं घरी येऊन बजावून सांगितलं. पेंटर म्हणाला, "हो, हो. एका दुपारचं काम." आणि दुसऱ्या कामाला लागला. बोर्डाचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

पडताळणीवाला आला तेव्हा ती कामावर होती, पेंटर एका दुकानाचं माप घ्यायला गेला होता, आणि गाळ्याच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. सासूबाई दिवसभर तिथेच बसायच्या, टर्पेंटाइनच्या वासात त्यांना बरं वाटायचं म्हणे. बाई सरळ. विचारलं तेवढ्याचं उत्तर देणार, पदरचं काही घालणार नाहीत. त्या माणसानं वर बोट करून विचारलं, "हा बोर्ड कुणाचा?"

"दातांच्या डॉक्टरांचा," सासूबाई म्हणाल्या. "ओला आहे, हात लावू नका."

त्यानं फोटो काढला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात निरोप आला: दिलेल्या पत्त्यावर दवाखाना आढळला, अर्ज नामंजूर.

तिनं कपाळाला हात लावला, आणि तो नेमका दुखरा हात निघाला. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी काय खोटं सांगितलं? बोर्ड दातांच्याच डॉक्टरांचा होता." पेंटर मात्र मनापासून हसला. त्या हसण्याचा तिला इतका राग आला की तिनं त्या दिवशी त्याचं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता उठून गेली.

पुन्हा सुट्टीचा दिवस, पुन्हा तोच जिना, तीच रांग. या वेळी खिडकीतल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. "तुम्ही बोर्डवाले ना?" त्यांच्या आवाजात कीव होती. ती रागापेक्षा वाईट लागली.

दुसऱ्या वेळी पेंटरनं बोर्डाचा पत्रा कापून, घासून, त्यावर पांढरा हातही मारून ठेवला होता, एवढं खरं. तो आतल्या भिंतीला कोरा टेकलेला होता. दारावर होता तो एका चपलांच्या दुकानाचा बोर्ड, सकाळीच झालेला. वर बाण, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत: 'हे दुकान पुढच्या चौकात हलवले आहे.'

पडताळणीवाला सरळमार्गी निघाला. तो खरोखर पुढच्या चौकापर्यंत चालत गेला, तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं म्हणून परत आला, फोटो काढला आणि लिहिलं: व्यवसाय स्थलांतरित, नवा पत्ता सापडला नाही. सासूबाई त्या वेळी डुलकी घेत होत्या, म्हणजे या खेपेला त्यांच्यावर खापर फोडायचीही सोय नव्हती. निरोपाच्या शेवटी एक ओळ जास्त होती: पुढील पडताळणी परवा सकाळी, आणि ती अंतिम राहील.

हे वाचलं तेव्हा ती धुलाईखान्याच्या ओट्यावर बसली होती. तिला हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. अंगातलं सगळं कुणीतरी पिळून काढल्यासारखं झालं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे. आमचं दुकान हलवलंय म्हणे." आणि उठून पुढच्या ढिगाला हात घातला.

संध्याकाळी ती गाळ्यात गेली आणि रंगाच्या डब्यावर बसली. पेंटर ब्रश धूत होता. ती म्हणाली, "अहो, एकच विचारते. सगळ्या जगाची नावं काढता. स्वतःचा बोर्ड का होत नाही तुमच्याकडून? खरं सांगा. वेळ नाही हे सोडून सांगा."

तो बराच वेळ ब्रश धूत राहिला. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

"हात धजत नाही," शेवटी तो म्हणाला. "धंदा तुझ्या पगारावर उभा आहे. पत्रा तुझ्या सहीवर, मशीन तुझ्या सहीवर. रंग आणि हात टेकवायची काठी तेवढी माझी. असल्या धंद्याचा बोर्ड मी कुठल्या तोंडानं लावू? रस्त्यापलीकडून वाचला तर मलाच तो खोटा दिसेल."

हे त्याच्या मनात इतकी वर्षं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती त्याला आळशी समजत होती. एखाद्या दिवशी तिनं त्याचा हात हातात घेतला असता, दोन शब्द बोलली असती. पण चादरींचे चार ढीग उपसून आलेल्या माणसाजवळ चांगले शब्द शिल्लक कुठून राहणार! ती उठली. "मला आता काही सुचत नाही. तो माणूस उद्या सकाळी येणार आहे परवा. म्हणजे परवा सकाळी. बघा, शब्दही धड लागेनात. परवाच्या आत बोर्ड लावा, एवढंच."

"लावतो," तो म्हणाला. या वेळी आवाज वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी काम संपवून ती गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा अजून ऊन होतं. लांबूनच दिसलं की दारावर नवा बोर्ड लागलाय. मागची जमीन पिवळी, त्यावर गडद निळं अक्षर, त्याला लाल सावली. सासूबाई पायरी सोडून चक्क रस्त्यात उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट करून दाखवत होत्या. पेंटर शिडीजवळ, हात पुसत. ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली आणि नवऱ्याच्या सवयीप्रमाणे मान वर करून वाचलं.

बोर्डावर तिचं नाव होतं.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचंच नाव, आणि खाली बारीक अक्षरांत 'बोर्ड व अक्षरकाम'. अक्षर असं उतरलं होतं की त्याच्या हातून तिनं तसं आजवर पाहिलं नव्हतं. वेलांटीचा गोल पाहत राहावा असा. तिला आनंद झाला, तो खोटा कशाला म्हणायचा? एवढ्या मोठ्या अक्षरांत तिचं नाव आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं. आणि त्या आनंदातच तिचे डोळे भरून आले, आणि ती समोरच्या बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसली.

पेंटर धावत रस्ता ओलांडून आला. "काय झालं? आवडला नाही? अगं, काल तुला सांगितलं ना, हेच खरं नाव आहे या धंद्याचं. आता बघ, पलीकडून वाचला, मला खोटा दिसला नाही."

"अर्जात 'ठळक अक्षर' लिहिलंय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तो हे साफ विसरला होता. काल त्यानं स्वतःशी जे काही ठरवलं होतं, त्यात अर्ज कुठेच नव्हता.

"अर्जाचं राहू द्या," ती पुढे म्हणाली, आणि आता तिला थांबता येईना. "अर्ज बदलता आला असता तरी नको होतं. मशीनला माझं नाव, मालाला माझं नाव, भाड्याला माझं नाव. तुमच्या धंद्यात कुठे नाही मी? थकले हो मी माझ्या नावाला. मला या घरात एक तरी गोष्ट अशी हवी आहे जिच्यावर माझं नाव नाही. एक. ती मोडली, बुडाली, जळाली तरी माझ्याकडे कुणी येणार नाही अशी. तुम्ही प्रेमानं लिहिलंत, कळतंय मला. पण पुसा ते."

रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. पेंटर बोर्डाकडे पाहत होता. त्याला तोंडात मारल्यासारखं झालं असणार, पण तो रागावला नाही. म्हणाला, "शिडी धरशील? मघाशी हलत होती."

त्यानं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि वर चढला. रंग अजून ओला होता, भरभर निघाला. निळं आणि लाल एकमेकांत मिसळून त्याच्या कोपरापर्यंत ओघळ आले. सासूबाई खालून ओरडत होत्या, "अरे, पुसतोस काय! सुनेचं नाव किती छान दिसत होतं!" ती डाव्या हातानं शिडी धरून उभी होती आणि नाव संपेपर्यंत तिनं मान खाली केली नाही. मग त्यानं जमीन परत मारली, खडूची दोरी ताणून दोन रेघा पाडल्या आणि उजेड जायच्या आत लिहून काढलं: ठळक अक्षर. आधीच्याइतकं ते काही साधलं नव्हतं, पण वाचता येत होतं. पलीकडूनही.

पडताळणीवाला सकाळी आला. बोर्ड पाहून तो आधी दचकला, मग संशयानं पुढे झाला आणि अक्षरावर बोट टेकवलं. बोट निळं झालं.

"ओला आहे म्हणून पहिल्यांदाच सांगितलं होतं," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या.

"आजी, ते दातांचे डॉक्टर कुठे गेले?"

"ते कशाला इथे येतील? त्यांचा बोर्ड गेला त्यांच्याकडे."

त्यानं एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा आतल्या भिंतीला टेकलेल्या पाच-सहा बोर्डांकडे, आणि मग तो तिथेच पायरीवर बसून इतका हसला की पेंटरला त्याला पाणी द्यावं लागलं. "मी तो बाण बघून चौकापर्यंत चालत गेलो होतो हो," तो म्हणत राहिला. फोटो काढून गेला. त्याच्या बोटाचा ठसा 'ठ'च्या पोटात राहिला. पेंटर तो दुरुस्त करणार होता, अजून केलेला नाही.

नंबर आला. एक लांबलचक आकडा, बाकी काही नाही. तो घेऊन दोघं घाऊक दुकानात गेली. जाताना ती सुपरवायझर बाईंसाठी जुळवलेली वाक्यं परत मनात म्हणून पाहत होती.

मॅनेजरनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, नंबर पडद्यावर घातला आणि मान हलवली. "छान. निघाला एकदाचा. पण नवा आहे ना, अजून कोरा आहे. तुम्ही काही घेतलंय आणि फेडलंय अशी एकही नोंद त्यात नाही. वर्ष-दोन वर्षं नीट चालवा, मग पत दिसायला लागेल. तोवर नेहमीचा माल द्यायचा तर जामीन लागणार." त्यांनी सवयीनं कागद तिच्याकडे सरकवला. वर पेन ठेवलं. "ताई आहेतच ना."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी हे आधी सांगायला हवं होतं, पण लोक अर्धंच सांगतात, आणि थकलेलं माणूस त्यातलं हवं तेवढंच ऐकतं. ताई आहेतच. कुठे जाणार होत्या? तिनं पेन उचललं. बोटं नीट मिटली नाहीत, म्हणून तिनं ते दुसऱ्यांदा धरलं.

पेंटरनं कागदावर हात ठेवला. रंगाचे डाग असलेला पंजा सगळा कागद झाकून बसला.

"जामिनाशिवाय किती देता?" त्यानं विचारलं.

"जामिनाशिवाय?" मॅनेजर हसले. "नव्या नंबरावर? रंगाचे दोन डबे आणि टर्पेंटाइनची बाटली. त्यात काय होणार तुमचं?"

"एक छोटा बोर्ड होईल. द्या."

"अहो, पण तुमच्या हातातलं मोठं काम..."

"ते रोख पैसे येतील तेव्हा करीन. नाहीतर सोडून देईन." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पेन दे."

त्यानं सही केली. बोर्डवाल्याची सही ती, वेळ लागला. प्रत्येक अक्षराला वळण देऊन, शेवटी रेघ सरळ आली की नाही ते पाहून त्यानं पेन खाली ठेवलं. मॅनेजरनी दोनदा घड्याळ पाहिलं. जामिनाचा रकाना रिकामा राहिला, आणि ती त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

परत येताना दोन डबे त्याच्या हातात होते, बाटली तिच्या डाव्या हातात. वाटेत ती म्हणाली, "मशीनचा हप्ता संपेपर्यंत मला जावंच लागेल."

"हो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

विश्वास ठेवावा की नाही, हे तिनं ठरवलं नाही. उद्या सकाळी चादरी होत्याच, आणि सुपरवायझर बाईंसाठी जुळवलेली वाक्यं तशीच राहणार होती. ती एवढी दमली होती की आशा करायचंही तिला काम वाटत होतं.

गाळ्यापाशी सासूबाईंनी डबे पाहिले. "एवढंच आणलंत? एवढ्यासाठी दोघं गेलात?" मग नेहमीच्या सवयीनं सुनेकडे वळून म्हणाल्या, "सही करून आलीस ना नीट?"

"मी नाही केली," ती म्हणाली.

"मग कुणी केली?"

"मी," पेंटर म्हणाला, आणि डबे घेऊन आत गेला.

सासूबाईंनी सरकून पायरीवर जागा करून दिली. ती बसली, दुखरा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डोळे मिटले. वर बोर्ड वाऱ्यानं थोडा हलत होता. त्यावर तिचं नाव कुठेही नव्हतं.